आधी चित्र वाचू द्या: प्राथमिक वर्गात चित्रपुस्तक वापरण्याची रीत

वर्गात चित्रपुस्तक उघडलं की बहुतेक वेळा असं होतं. शिक्षक ओळ वाचतात, पुस्तक मुलांकडे वळवून चित्र दाखवतात आणि पान उलटतात. चित्र जेमतेम दोन सेकंद दिसतं. मागच्या रांगेतली पोट्टी तोवर गुडघ्यावर उभी राहते, पुढची ओरडतात, कोणीतरी ‘खाली बसा’ म्हणतं आणि गोष्ट तुटते. पहिलीतल्या लेकराला अक्षर अजून वाचता येत नाही. त्याला वाचता येणारा पुस्तकातला एकच भाग म्हणजे चित्र, आणि आपण नेमका तोच घाईने उलटतो.

पुढची सगळी रीत या एका चुकीभोवती बेतलेली आहे: आधी चित्र मुलांच्या ताब्यात द्यायचं, मुलांच्या बोलीत वाचू द्यायचं, मजकूर त्यानंतर आणायचा. विदर्भातल्या पहिली ते चौथीच्या, एक किंवा दोन शिक्षकी शाळा डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. मुलं पंधरा ते चाळीस, खोली एक किंवा दोन, आणि पुस्तकं बहुधा कुलपातल्या पेटीत.

पुस्तक निवडताना

चित्रपुस्तक आणि चित्रं असलेलं पुस्तक यांत फरक आहे. दुसऱ्यात चित्र काढून टाकलं तरी गोष्ट कळते. खऱ्या चित्रपुस्तकात मजकूर एक सांगतो आणि चित्र त्यात भर घालतं, कधी मजकुराच्या उलटच सांगतं. परीक्षा सोपी आहे. मजकुरावर हात ठेवून सगळी पानं चाळा. गोष्ट अर्धीमुर्धी तरी उलगडली पाहिजे. मग चित्रावर हात ठेवून मजकूर वाचा. काहीतरी हरवल्यासारखं वाटलं पाहिजे. दोन्हीत पास झालं तर पुस्तक वर्गात न्या.

पहिली-दुसरीसाठी एका पानावर एक ते तीन ओळी पुरेत. अक्षर ठसठशीत हवं आणि गडद चित्रावर काळं अक्षर छापलेलं नसावं, कारण खोलीत उजेड कमी असला की ते तीन फुटांवरूनही दिसत नाही. पुन्हा पुन्हा येणारं एखादं वाक्य असेल तर उत्तम. तिसऱ्या दिवशी तेच वाक्य मुलं तुमच्याआधी म्हणतील. शेवटच्या पानावर ‘म्हणून मुलांनो’ असं सुरू होणारी पुस्तकं बाजूला ठेवली तरी चालतील. ती वाईटच असतात असं नाही, पण मुलं त्यानंतर प्रत्येक पुस्तकात उपदेश शोधू लागतात आणि चित्र बघणं सोडतात.

पुस्तकं कुठून आणायची? नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन, तूलिका यांची मराठी चित्रपुस्तकं मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतली बरीच पुस्तकं फुकट उतरवता येतात, छापता येतात, भाषांतरही करता येतं. अट एवढीच की लेखक-चित्रकारांच्या नावांचं पान काढून टाकायचं नाही. तिथे पुस्तकांना चार पातळ्या दिल्या आहेत: पहिल्या पातळीत साधारण 250 शब्दांपर्यंत, दुसऱ्या पातळीत 600 पर्यंत, पुढे वाढत्या. ही पातळी मुलाने स्वतः वाचायची म्हणून ठरवलेली आहे. तुम्ही वाचून दाखवणार असाल तर एक पातळी वरचं पुस्तक घ्या. मुलाचे कान त्याच्या डोळ्यांच्या बरेच पुढे असतात.

शब्द नसलेली चित्रपुस्तकंही दोन-तीन हवीतच. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाला उघडते. पहिलीची नवी मुलं तेव्हा वर्गाला बुजलेली असतात आणि प्रमाण मराठी त्यांच्या कानाला परकी असते. पहिले दोन आठवडे शब्द नसलेल्या पुस्तकांवरच काढले तर कोणाचंच उत्तर चुकत नाही.

तीस मुलांच्या शाळेला सुरुवातीला साठ पुस्तकं पुरतात. मात्र साठ वेगवेगळी घेण्यापेक्षा पंचेचाळीस वेगवेगळी घ्या आणि त्यातल्या उत्तम पाचांच्या चार-चार प्रती ठेवा. वाचून दाखवलेलं पुस्तक नंतर सगळ्यांनाच हातात हवं असतं. एकच प्रत असेल तर ती दुपारपर्यंत फाटते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पुस्तकांचा विषय काढायला संकोच वाटत असेल तर लक्षात असू द्या: 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला ग्रंथालय हवं असं लिहिलेलं आहे आणि त्यात गोष्टीच्या पुस्तकांचा उल्लेख स्पष्ट आहे.

आदल्या दिवशीची तयारी

पुस्तक घरी तीनदा वाचा. पहिल्यांदा मनात, दुसऱ्यांदा मोठ्याने, तिसऱ्यांदा फक्त चित्रं. या तिसऱ्या वाचनात तुम्ही आजवर न पाहिलेलं काहीतरी सापडेलच. मुलांना ते पहिल्याच फेरीत दिसणार आहे, म्हणून आपण मागे पडलेलो नसावं.

चित्रपुस्तकं बहुधा 12, 16, 24 किंवा 32 पानांची असतात, कारण छापखान्यात मोठ्या कागदाच्या घड्या घालून पानं पाडतात. मोजक्या पानांत गोष्ट बसवायची म्हणून लेखक-चित्रकार उत्सुकता पान उलटण्याच्या जागी ठेवतात. अशा तीन जागा शोधा. तीनच. तिथे कागदाची चिठ्ठी अडकवा आणि तिच्यावर एक प्रश्न लिहा. प्रत्येक पानावर प्रश्न विचारला की पुस्तकाची परीक्षा होते, आणि चौथ्या प्रश्नापासून मुलं पुस्तकाकडे न बघता तुमच्या तोंडाकडे बघून उत्तर ओळखायला लागतात.

अवघड शब्दही दोन-तीनच निवडा. बाकीचे संदर्भाने कळतात, किंवा आज नाही कळले तर परवाच्या वाचनात कळतात.

एक छोटी युक्ती: सगळा मजकूर, पान क्रमांकासह, मोठ्या अक्षरात कागदावर लिहून पुस्तकाच्या मागच्या बाजूला टाचणीने लावा. मग पुस्तक मुलांकडे तोंड करून धरता येतं आणि वाचताना मान वाकडी करावी लागत नाही. ही चिठ्ठी नसते म्हणूनच ‘आधी वाचा, मग दाखवा’ असं होतं.

बसणं, उजेड, अंतर

यावर बोलायला कोणी तयार नसतं, आणि निम्मे तास इथेच फसतात.

साधारण वहीएवढ्या पुस्तकाभोवती वीस ते पंचवीस मुलंच नीट बसू शकतात. अर्धगोलात तीन रांगा करा: पुढे पहिलीची बुटकी मुलं मांडी घालून, मागे तिसरी-चौथीची, शेवटची रांग बाकावर किंवा उलट्या बादलीवर बसली तरी हरकत नाही. पहिली रांग पुस्तकापासून दोन-तीन फुटांवर आणि शेवटची आठ-नऊ फुटांच्या आत. त्यापलीकडे चित्रातला बारकावा दिसत नाही. दिसलं नाही की मूल शेजाऱ्याला चिमटा काढतं. त्यात त्याची काही चूक नसते.

मुलं चाळीस असतील तर दोन फेऱ्या करा. एक गट ऐकत असताना दुसरा चित्र काढतो किंवा भिंतीवरच्या दोरीला अडकवलेलं पुस्तक घेऊन बसतो (ही दोरी पुढे येते).

शिक्षकाने खुर्चीवर बसू नये, बुटक्या स्टुलावर किंवा पाटावर बसावं. पुस्तक खांद्याच्या उंचीला, छातीच्या एका बाजूला धरायचं. हाताने ते खालून मधोमध, शिवणीपाशी पेलायचं, म्हणजे अंगठा चित्रावर येत नाही. दार किंवा खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर मुलांना काळी आकृतीच दिसते. उजेड मुलांच्या मागून पुस्तकावर पडला पाहिजे. गुळगुळीत कागद चकाकतो, म्हणून पुस्तक किंचित पुढे झुकवा. प्रत्येक पानावर पुस्तक डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा आणि प्रत्येक बाजूला मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबा.

मार्चमध्ये सकाळची शाळा लागली की पुस्तकाचा तास परिपाठानंतर लगेच घ्या. अकराच्या उन्हात पत्र्याखाली कोणतंच पुस्तक चालत नाही.

पहिला दिवस: गोष्ट आणि फक्त गोष्ट

उदाहरणादाखल एक कल्पित पुस्तक मनात धरू. सोळा पानांचं. एका मुलीचं बकरीचं पिल्लू हरवतं आणि ती आठवडी बाजारात ज्याला त्याला विचारत फिरते, ‘माझं पिल्लू पाहिलं का?’ सगळे नाही म्हणतात. प्रत्येक चित्रात मात्र पिल्लाचा कान, शेपूट किंवा खूर कुठेतरी दिसत असतो. मजकुरात त्याचा उल्लेखच नाही.

मुखपृष्ठाने सुरुवात करा. नाव लगेच वाचू नका. पुस्तक धरून ‘काय दिसतंय?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच अवघड आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, हे मेरी बड रो या संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिलं. तीन सेकंदांपर्यंत थांबलं तर उत्तरं लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. मनात ‘एक बैल, दोन बैल, तीन बैल, चार बैल’ म्हणा, मगच तोंड उघडा.

दोन-तीन मिनिटांनी नाव वाचा, लेखकाचं आणि चित्रकाराचंही. मग पान उघडा, आधी चित्र फिरवा, मग मजकूर वाचा. फार अभिनय लागत नाही. नेहमीच्या बोलण्यापेक्षा थोडं सावकाश वाचलं आणि पान उलटण्याआधी थोडं रेंगाळलं की बस.

पहिल्या वाचनात तुमच्या तीन चिठ्ठ्यांपाशीच थांबा. आणि थांबाल तिथे ‘हे काय आहे?’ असं विचारू नका. ‘आता ही कोणाकडे जाईल?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला एकच उत्तर असतं, दुसऱ्याला वर्गात जितकी डोकी तितकी.

मधेच कोणीतरी ओरडणार:

‘थे पाहा, थे बंडीखाली हाये ना!’

इथे बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. एकतर ‘मध्ये बोलू नको’ म्हणतात, नाहीतर ‘बंडी नाही, बैलगाडी म्हण’ असं सुधारतात. दोन्हीने तो मुलगा पुढची चार पानं गप्प. त्याने चित्र वाचलंय, तेही लेखकाने लपवलेलं. त्याचंच वाक्य उचला आणि थोडं वाढवून परत द्या: ‘हो की! बंडीखाली लपलंय. बैलगाडीच्या चाकामागून कान दिसतोय.’ त्याचा शब्द राहिला, पुस्तकाचा शब्द शेजारी आला आणि वाक्य तीन शब्दांनी मोठं झालं. ‘आता सगळे म्हणा, चाकामागून कान दिसतोय’ असं एकदा म्हणवून घेतलं की पुढे चला. या संवादी वाचनाची रीत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये मांडली. विचारा, ऐका, वाढवून सांगा, म्हणवून घ्या, एवढाच तिचा गाभा आहे.

शेवटचं पान झालं की पुस्तक मिटा आणि थांबा. ‘या गोष्टीतून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न विचारू नका. ‘समजलं का?’ हाही नको, कारण त्याचं उत्तर ‘हो मॅडम’ असंच असतं. मुलं बहुधा स्वतःहून म्हणतात, ‘सर, अजून एकदा!’ वेळ असेल तर लगेच वाचा. सगळं मिळून वीस मिनिटं. पहिलीची मुलं त्यापुढे टिकत नाहीत, टिकली तरी ताणू नका.

बोलीचे शब्द

बाजाराच्या त्या चित्रात भाजीची दुकानं असणार. पुस्तकात टोमॅटो, बटाटा, कोथिंबीर. मुलांच्या तोंडी भेदरं, आलू, सांबार. फळ्यावर दोन रकाने करा, डावीकडे ‘आपला शब्द’ आणि उजवीकडे ‘पुस्तकातला शब्द’. आपला शब्द आधी लिहायचा. पहिलीच्या मुलाला ‘सांबार’ हा शब्द फळ्यावर दिसतो तेव्हा त्याला प्रथमच कळतं की घरातलं बोलणं लिहिताही येतं. अक्षरओळखीला यापेक्षा चांगलं निमित्त नाही. आणि हो, ‘सांबार’ म्हणजे इडलीबरोबरचं, असं सांगणारं एखादं मूल वर्गात निघतंच. तोही शब्द लिहा. त्यावरून छान भांडण होतं.

झाडीपट्टीत भातशेतीची चित्रं मुलं झटक्यात ओळखतात, वऱ्हाडात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची. समुद्र, आगगाडीचं जंक्शन, लिफ्ट ही दोन्हीकडे परकी. परकं चित्र टाळायचं नाही, पण त्यासाठी दोन मिनिटं जास्त ठेवायची आणि ‘हे आपल्याकडच्या कशासारखं दिसतंय?’ असं विचारायचं.

घरी कोरकू, गोंडी, माडिया, कोलामी किंवा गोरमाटी बोलणारी मुलं असतील तर क्रम बदला. पहिल्या दिवशी मजकूर वाचूच नका. चौथीतल्या त्याच भाषेच्या मुला-मुलीला आदल्या दिवशी गोष्ट सांगून ठेवा आणि त्याने चित्रं दाखवत ती घरच्या भाषेत सांगावी. तुम्हाला कळलं नाही तरी बसून ऐका. मुलं तुमचं तोंड बघत असतात. दुसऱ्या दिवशी मराठीत फक्त परत येणारं वाक्य आणा, तिसऱ्या दिवशी पूर्ण मजकूर. स्टोरीवीव्हरवर गोंडी आणि कोरकूतली पुस्तकंही आहेत. मात्र गोंडी ठिकठिकाणी वेगळी आहे, म्हणून पुस्तक आधी गावातल्या कोणाकडून मोठ्याने वाचून घ्या.

पुढचे तीन दिवस

तेच पुस्तक पुन्हा वाचायचं. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. पहिल्या वाचनात त्यांचं लक्ष ‘पुढे काय’ यात गुंतलेलं असतं. ते कळल्यावरच ‘का’ आणि ‘कसं’ यांना जागा होते.

दुसऱ्या दिवशी निवडलेले दोन-तीन शब्द घ्या आणि ‘का’चे प्रश्न विचारा. उत्तरं कोरसमध्ये यायला लागली की ‘शेजाऱ्याला सांगा’ म्हणा. अर्धा मिनिट जोडीत बोलणं, मग दोघा-तिघांना विचारणं. आणि विचारताना ‘तुझं उत्तर सांग’ऐवजी ‘शेजारी काय म्हणाली?’ असं विचारा. लाजरं मूल दुसऱ्याचं मत सहज सांगतं. जे तरीही बोलत नाही त्याला ‘दाखव’ म्हणा, बोट ठेवणं हेही उत्तरच आहे.

तिसऱ्या दिवशी परत येणारं वाक्य मुलांकडे सोपवा. तेवढ्याच वाक्याखाली बोट फिरवा, डावीकडून उजवीकडे, शब्दाला शब्द जुळवत. सगळ्या मजकुराखाली बोट फिरवलं तर चित्र मरतं. ‘माझं पिल्लू पाहिलं का?’ हे वाक्य पट्टीवर लिहून चार तुकडे करा आणि दुसरीच्या मुलांना जुळवायला द्या. मुलांनी ‘माह्यं पिल्लू पाह्यलं का?’ म्हटलं तर तीही एक पट्टी करा आणि दोन्ही शेजारी लावा.

चौथ्या दिवशी हाताला काम. एकाच खोलीत चार इयत्ता असल्या तरी पुस्तक एकच ठेवा, काम वेगळं द्या. पहिलीने पिल्लू लपल्याची नवी जागा काढायची आणि एक शब्द लिहायचा. लिहिता येत नसेल तर मूल सांगेल, तुम्ही लिहा, त्याच्याच शब्दांत. दुसरीने चित्राखाली एक वाक्य. तिसरीने चित्रातल्या माणसांच्या तोंडापाशी फुगे काढून बोलणं लिहायचं. चौथीने तीच गोष्ट पिल्लाच्या बाजूने लिहायची. ही शेवटची कामगिरी वाटते तेवढी सोपी नाही. आधी तोंडी घ्या, नाहीतर ‘मी एक पिल्लू आहे’ या ओळीने सुरू होणारा आत्मवृत्ताचा निबंध हाती येतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवाळीपासून पुढे, तिसरी-चौथीची मुलं अधूनमधून येतच नाहीत. सोमवारी गोष्ट ऐकलेलं मूल आणि गुरुवारी उगवलेलं मूल यांना एकत्र बसवा, पुस्तक मधे ठेवा आणि ‘याला गोष्ट माहीत नाही, तू सांग’ म्हणा. एरवी ‘गोष्ट सांग’ म्हटलं की मूल शिक्षकालाच माहीत असलेली गोष्ट शिक्षकाला सांगतं, म्हणून ती तीन वाक्यांत उरकते. समोरच्याला खरंच माहीत नसलं की सांगणं आपोआप लांब होतं, क्रम सुधारतो, चित्रांकडे बोट जातं. गैरहजेरीचा एवढा एक तरी उपयोग होतो.

निपुण भारत अभियानाची उद्दिष्टं सगळ्यांना पाठ आहेत: दुसरीच्या मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचावेत, तिसरीच्या मुलाने किमान 60. ती मोजणी वेगळ्या तासाला, वेगळ्या उताऱ्यावर करा. चित्रपुस्तकावर घड्याळ लावलं की मुलं चित्र बघायची थांबतात, आणि मग पुस्तक काय अन् उतारा काय. इथे नोंद ठेवायची ती निराळी. रोज तीन मुलं ठरवून घ्या आणि वहीत एकेक ओळ लिहा: पुस्तक सरळ धरलं का, गोष्ट सांगताना किती घटना क्रमाने आल्या, चित्रातलं कोणतं बारीक टिपलं, नवा शब्द स्वतः वापरला का. तीस मुलं दहा शाळा-दिवसांत होतात.

पडद्यावर दाखवायचं असेल तर

शाळेत टीव्ही असेल तर पुस्तकाची पीडीएफ आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. रेंज आणि वीज दोन्ही ऐनवेळी दगा देतात. पडद्यावर चाळीस मुलांना एकदम दिसतं, हा फायदा मोठा. तोटा असा की मुलाला मागे जाऊन स्वतः शोधता येत नाही. म्हणून एक तरी छापील प्रत हवीच. घडीच्या पुस्तिकेसारखी दोन्ही बाजूंनी छापली तर सोळा पानांना चार ए-फोर कागद लागतात. गोष्ट रंगावर अवलंबून असेल (हिरव्या झाडात हिरवा पोपट वगैरे) तर काळी-पांढरी छपाई फुकट जाते.

पुस्तकं मुलांच्या हातात

पेटीतली पुस्तकं सुरक्षित असतात आणि निरुपयोगीही. भिंतीला मुलाच्या छातीच्या उंचीवर, साधारण अडीच-तीन फुटांवर, नायलॉनची दोरी ताणून बांधा आणि पुस्तकं मधल्या पानाच्या घडीवर अडकवा, मुखपृष्ठ समोर येईल असं. चिमटे लावू नका, कागदाला वळ पडतात. एका वेळी पंधरा-वीस पुस्तकं पुरेत. दर आठवड्याला निम्मी बदला. वाचून दाखवलेलं पुस्तक दोरीवर हवंच. मुलं आधी तेच उचलतात आणि न वाचता येणारी ओळसुद्धा पाठ म्हणून ‘वाचतात’. त्याला हसू नका. वाचन तिथूनच सुरू होतं.

पावसाळ्यात भिंत ओली असते, तेव्हा दोरी खोलीच्या मधून बांधा. वाळवीसाठी पेटी विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळवूनच टाका. ओला टाकला तर बुरशी येते.

घरी पुस्तक शनिवारी द्या, सोमवारी परत घ्या. कापडी पिशवी सोबत. पालकांना ‘वाचून दाखवा’ असं सांगू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या मनाला ते लागतं आणि पुस्तक फळीवर जाऊन बसतं. ‘लेकरू चित्रं दाखवून गोष्ट सांगेल, तुम्ही फक्त ऐका आणि पुढे काय झालं ते विचारा’ एवढंच सांगा. दिवसभर वेचणी करून आलेल्या मायला भाकरी थापता थापता हे जमतं.

पुस्तक फाटणार, हे धरूनच चाला. फाटल्याबद्दल शिक्षा झाली की मुलं पुस्तक नेणंच बंद करतात. सेलोटेप लावू नका. इथल्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात ती पिवळी पडून सुटते आणि डाग मागे ठेवते. दोन चमचे मैदा एक कप पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा, मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळा, खळ पारदर्शक झाली की उतरवा. बांधणीवाले त्यात मोरचूद घालतात, आपण घालायचा नाही, ते विष आहे आणि पहिलीची मुलं बोटं तोंडात घालतात. त्यामुळे ही खळ दोन दिवसच टिकते. पतंगाच्या पांढऱ्या पातळ कागदाची बोटभर पट्टी खळीने फाटक्या जागी लावा, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा कागद ठेवा आणि रात्रभर वजनाखाली दाबा. पिना गंजल्या असतील तर काढून दोऱ्याने शिवा.

वर्गाचं स्वतःचं पुस्तक

शिवण एकदा जमली की नवं पुस्तकही करता येतं. तान्हा पोळा हा विषय पहिल्या पुस्तकाला फार चांगला: प्रत्येक मुलाकडे सांगायला एक लाकडी बैल असतो. पूर्व विदर्भात मोहफुलांची वेचणीही छान जमते, तिथे मुलांना शिक्षकांपेक्षा जास्त माहिती असते.

ड्रॉइंगचे चार कागद मधोमध घडी घालून एकात एक ठेवले की सोळा पानं होतात. पहिलं मुखपृष्ठ, शेवटचं मलपृष्ठ, दुसऱ्या पानावर लिहिणाऱ्या-काढणाऱ्यांची नावं. उरली तेरा. मुलं जास्त असतील तर एका पानावर दोघं. चित्रं थेट पुस्तकात काढायला लावू नका. सुट्या कागदावर काढून चिकटवा, म्हणजे एकाचं बिघडलं तर सगळं पुस्तक जात नाही. आधी चित्र, मग मुलाने सांगितलेलं वाक्य. आधी वाक्य दिलं तर सगळ्यांचे बैल एकसारखे येतात.

घडीवर तीन भोकं पाडा: एक मधोमध, दोन टोकांपासून दोन-दोन इंच आत. दोरा पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत, आतून सरळ खालच्या भोकात जाऊन बाहेर, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. आता दोऱ्याची दोन्ही टोकं आत, लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. दोन्ही एकाच बाजूला आली असतील तर गाठ सैल राहते. टाका मधे धरून घट्ट गाठ मारा आणि टोकं अर्धा इंच ठेवून कापा.

वाळलं की दोरीवर लावा, विकतच्या पुस्तकांच्या मधोमध. रजिस्टरमध्ये त्यालाही नंबर द्या.